मेळघाटच्या वणव्यात काय उचलले

शके १७८६, रक्ताक्षी नाम संवत्सर

विघ्नहर्त्यास व शारदेस नमन. ज्याच्या मुखाने देवांस हविर्भाग पोचतो त्या अग्निनारायणासही साष्टांग नमन. त्याच्या कृपेवाचून लेखणी धरवत नाही, आणि लिहावयाचे त्याच्याचविषयी आहे.

फाल्गुन व. १. परतवाड्यावरील डोंगरात.

प्रा. स्नान, संध्या ओढ्यावर. खाली काळ्या जमिनीत जिकडेतिकडे कापूस. चराईचे रानसुद्धा नांगराखाली गेले. म्हणून किसनपाटील गावची गुरे घेऊन मेळघाटात उतरले आहेत. अकरा गाड्या, गवताच्या खोपट्या, वासरे वेगळी बांधलेली. सात दिवस पुराण सांगण्यास मला अमरावतीहून आणविले. गुरुजींनी स्वहस्ते लिहिलेली पुराणावरील टीका, तीच माझी पोथी, बरोबर आणली. तिची दुसरी प्रत कोठेही नाही. नक्कल अजून अर्धी.

पाटलांच्या मातोश्री भागाबाई पायांनी अधू. त्यांस उचलून पुढे बसवितात. ऐकतात कमी, बोलतात फार.

व. ३.

सुक्या नावाचा कोरकू गुराखी कथेच्या आधी आला. म्हणे, "पाटील, मुक्कामाभवताल गवत जाळून टाकू. मोठी आग आली तं काळी जागा पायजे."

पाटलांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, सप्ताह चालू असता जीवहत्या नको. गवतात तितराची अंडी आहेत, किडामुंगी आहे. समाप्तीनंतर पाहू.

भागाबाई: "शास्त्रीबावा, तुमच्या शास्त्रानं ह्या डोंगराचं गवत कदी पायलं काय?"

सारे हसले. मीही हसलो. निर्णय माझाच राहिला. सुक्या काडी दातांत धरून निघून गेला.

व. ५.

सायंसंध्येस पलीकडच्या कड्यावर अग्नीची रेघ. जणू पर्वताने सोन्याची माळ घातली. खाली काळोखी दरी, वर तो प्रकाश हळूहळू सरकणारा, आवाज नाही. अर्घ्य हातातच राहिले. वनदाहाची कथा चाळीस वर्षे सांगितली. आज प्रथमच पाहिली. कथेत तेच वर्णन केले, मंडळी तल्लीन. वारा पलीकडे वाहत होता, म्हणून भय कोणासच नाही.

सुक्या तेवढा उभा राहून वारा हुंगत होता.

व. ६.

लिहिणे झाले नाही.

व. ७. परतवाडा, धर्मशाळा.

जसे घडले तसे लिहितो.

काल भोजनोत्तर वारा फिरला. पाटील व गडी गुरे घेऊन दूर पाण्यावर. मुक्कामी बायका, मी, सुक्या. प्रथम ध्वनी आला, नदीला पूर यावा तसा. मग मोर, चितळे, ससे आमच्यामधून धावत गेले, एकमेकांस न भिता. मग तो आला. वृक्षांच्या दुप्पट उंच. विराटरूप म्हणून ज्याचा आम्ही अर्थ सांगत बसतो ते...

सुक्याने ओढ्यापलीकडचे गवत पेटविले व ओरडला, "ते जळू द्या, मंग त्याच्यावर जाऊन उभ्या राहा!" बायका लेकरे घेऊन धावल्या. मी खोपटीत शिरलो, पोथीचे गाठोडे दोन्ही हातांनी उचलले.

शेजारच्या खोपटीतून भागाबाईंची हाक आली: "बावा, मी अटी खोपटीत हावो!"

ऐकू आली. आली नाही असे लिहिता येईल, लिहिणार नाही. दोन्ही हात भरलेले होते, आणि मी ओढ्याकडे गेलो.

त्यांस पाठीवर घालून सुक्याने आणले. खाली ठेवले, विळा घेतला. एक बाई म्हणाली, "आता कुठी जातं रे?" तो म्हणाला, "वासरं बांधेल हायेत ना." गेला.

जळक्या जमिनीवर आम्ही उभे, तळवे पोळत. भोवती सर्व आकाश अग्नी. आमच्या त्या काळ्या तुकड्याशी तो आला, थबकला, दोहों अंगांनी निघून गेला. त्या घटकेस भय नव्हते, स्तोत्रही आठवले नाही. एवढेच कळले की आपण फार लहान आहो.

गाड्या, खोपट्या, भांडी, धान्य, काही उरले नाही. सुक्या आला नाही.

व. ९.

पाटील शोध करून परतले. सुक्याचा पत्ता नाही, अस्थीही नाहीत. तीन वासरे पलीकडच्या खोऱ्यात जिवंत सापडली, गळ्यात दावी कापलेली.

पाटलांस म्हटले, दोष माझा. ते म्हणाले, "तुमी सांगतलं, मी आयकलं. दोघायचा हाये." 

भागाबाईंनी मला पाहून म्हटले, "पोथी वाचली, बरं झालं." त्यात टोमणा नव्हता. असता तर सोसला असता.

दुपारी सुक्याची बायको फुलाय आली. बांगड्या हातात तशाच. ओट्याखाली उभी राहिली. "बावा, तुमच्या पोथीत पाहून सांगा, तो हाये का नाई?"

म्हणालो, पोथीत तसे नसते.

"मंग काय असते?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न कोणी केला नव्हता.  ती म्हणाली, "मी उद्या वर जातो पाहाले." मी म्हटले, मीही येतो. तिने माझ्या पायांकडे पाहिले. "चालवते काय तुमच्यानं?"

व. ११. एकादशी. डोंगरात.

कालपासून काठी घेऊन फुलायच्या मागे चाललो आहे, पाटीलही आहेत. राख घोट्यापर्यंत, खाली जमीन अजून ऊन. चारी दिशांस काळे खांब, पक्षी नाही. भस्म नित्य कपाळी लावतो. भस्माचा देश आज पाहिला.

तिसऱ्या प्रहरी पलीकडच्या उतारावर फुलाय एकदम बसली. राखेत वासरांचे खूर. त्यांच्या बाजूने माणसाचा पाय, अनवाणी. तिने आपला तळवा शेजारी ठेवून पाहिला. "त्याचाच हाये. डावा पाय वाकडा पडते त्याचा."

ठसे उतरत नाल्यापर्यंत गेले. तेथे वासरांचे वळले, माणसाचा सरळ गेला. पुढे उघडा खडक, चहूकडे पसरलेला. खडकावर ठसा उमटत नाही.

पाटील म्हणाले, "आता कोनीकडं?"

फुलाय उत्तर न देता पुढे चालू लागली. आम्ही तिच्या मागे.

पुढच्या टेकाडावर ती हाक मारीत आहे. येथे दम घ्यावयास बसलो, तेवढ्यात हे लिहिले. आता उठतो. जो कोणी हे वाचील, त्याच्या घरचा बाहेर गेलेला माणूस सुखरूप घरी येवो.