बिनधुराचा निखारा

५ जानेवारी, सोमवार

सकाळी उगाचच आठवलं. माझ्या लग्नाला वर्षही झालं नसेल. मी आणि जिजी, माझी थोरली जाऊ, चुलीपुढे बसलो होतो. कॉलेजात दिवसभर काय शिकवतेस, असं तिनं विचारलं. झाकलेल्या पातेल्याकडे बोट दाखवून सांगितलं : आत पाण्याची वाफ होते, वाफेचं पाणी होतं, दोन्ही सारख्याच वेगानं, त्याला समतोल म्हणतात. तिनं झाकण उचलून पाहिलं. "मंग भात कधी शिजन तुह्या समतोलात?" हसत बसलो आणि भात तळाला लागला.

दोघींचेही नवरे गेले. घरात आम्ही दोघीच होतो. आता माझी लेक मैथिली बाळंतपणासाठी आली आहे, बाळ नुकतंच झालंय. मी नोकरीवर जायची तेव्हा तिला जिजीनंच वाढवलं, त्यामुळे बाळंतिणीची खोली जिजीच्या ताब्यात. बाजेखाली कोळशाची शेगडी, खिडकीच्या फटीत चिंध्या. निखारे अंगणात फुलवते, धूर पुरता गेला की मगच आत नेते. "लेकराच्या डोयाले धूर नोको." किती जपते. 

७ जाने.

मै.चं डोकं ठणकतंय. मळमळ. जिजी म्हणते वारं लागलं. व्हेंटिलेटरमध्येही जुनं लुगडं कोंबलं. पण न्हाणीत आली की मै.ला बरं वाटतं, खोलीत गेली की परत सुरू.

इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं. कार्बन अधिक कार्बन डायऑक्साइड, दुहेरी बाण, दोन कार्बन मोनॉक्साइड. समतोल स्थिरांक केपी म्हणजे मोनॉक्साइडच्या आंशिक दाबाचा वर्ग भागिले डायऑक्साइडचा आंशिक दाब. तापमान वाढलं की केपी वाढतो. कोळसा जितका रसरशीत, तितका त्याच्यात हा विषारी वायू जास्त. रंग नाही, वास नाही. आणि आपण धूर गेला म्हणून निर्धास्त.

उद्या बोलायचं. जिजीला दुखवायचं नाही, पण बोलायचं.

८ जाने.

बोलले. ती तांदूळ निवडत होती.

"काऊन? तुलेबी याच शेगडीवर शेकलं म्या, मैथिली झाली तवा. मेली काय तू?"

"तेव्हा घर कौलांचं होतं, जिजी. फटीफटीतून हवा यायची. आता स्लॅब आहे, सरकत्या काचा."

"हाव, समदं स्लॅबवर ढकल."

मग धूर कुठे आहे ते दाखव म्हणाली. दिसत नाही तेच तर. रक्त ऑक्सिजन सोडून या वायूला धरून बसतं, दोनेकशे पट घट्ट, असं सांगू लागले. "बाई, घरात मास्तरकी नोको करू."

मै. आतून म्हणाली, "जिजी, ऐक ना आईचं. डोकं फुटतंय माझं." तेव्हा ऐकलं तिनं. ठरलं : शेगडी दिवसातून एकदाच, थोडा वेळ, खिडकी चार बोटं उघडी.

जिजी नीट जेवली नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी खरं बोलायला शिकवलं. ते बोलून झाल्यावर समोरच्याच्या ताटाकडे कसं पाहायचं, ते नाही.

१० जाने. जालना, दवाखाना

सकाळी कडाक्याची थंडी. मालिशवालीनं मै.ला आणि बाळाला न्हाणीत घेतलेलं. बाळ शिंकलं. तेवढ्यावरून जिजी खोली गरम करायला गेली. शेगडी गच्च भरली, खिडकी लावली, दार ओढून आत दुपटी शेकत बसली. मी टॉवेल घ्यायला गेले तर भिंतीला टेकलेली, मांडीवर दुपटी, गाल लाल. हलवलं. हाक मारली. काखेत हात घालून ओसरीवर ओढून आणलं. शेजारच्या शोभाच्या नवऱ्यानं जीप काढली.

मै. आणि बाळाला तपासलं. ठीक आहेत.

जिजीला मास्क लावलाय. ऑक्सिजनचा दाब वाढवला की तोल उलटा फिरतो, रक्त तो वायू सोडू लागतं. मुलांना हे एका ओळीत सांगून पुढे जायची. आज बसून बघते आहे. तिचे पाय गार. चोळले.

१२ जाने.

बोलते. मला ओळखते. बाळाचं नाव काय ठेवायचं, ते विचारते. सांगितलं की थोड्या वेळानं पुन्हा तेच. डॉ. म्हणाले, विसर काही आठवड्यांनी वाढूही शकतो, जाऊही शकतो. आत्ता सांगता येत नाही.

"मले कोनी काऊन नाही सांगतलं, शेगडीचं?"

सांगितलं होतं, असं म्हटलं नाही.

१४ जाने. संक्रांत

तिळगूळ वॉर्डातच. खाल्ला. मग म्हणाली, "वही काढ. लिव्ह. डोस्क्यात ऱ्हाऊन नाही राह्यलं."

"असं काय करता, जिजी, जणू..."

"लिव्ह म्हनलं ना वं."

पाटल्या मैथिलीला. आताच, नंतर नाही.

हिरवं लुगडं दुसरबीडच्या भाचीला. फॉल लावून.

पितळी घंगाळ बाळाला. मोडीत घालायचं नाही.

शेगडी शोभाच्या लेकीला, अलकाला. उन्हाळ्याच्या तोंडावर बाळंत व्हायची आहे. "शब्द देला म्या तिले."

माझा हात थांबला. तिनं पाहिलं की नाही, कळलं नाही. "लिव्हलं काय?"

हो म्हटलं. लिहिते आहे.

शेगडी अलकाला. खाली माझी भर : द्यायला मीच जायचं. ओसरीवर मांडून द्यायची. आधी तिची खोली पाहायची.