दीडशे तासांची सेवा

५ सप्टेंबर, मंगळवार
ओहायोतल्या मेडिकल कॉलेजांना अर्ज करायचा तर हॉस्पिटलात सेवेचे तास दाखवावे लागतात. दीडशे पुरेत. सेवेची आवड मला उपजतच आहे, फक्त मंगळवारीच जमेल. निळं जाकीट मिळालं. आरशात डॉक्टरच वाटलो. स्वयंसेवकांच्या प्रमुख मिसेस ग्रबोव्स्की. ऑपरेशन कधी बघायला मिळेल, विचारलं. म्हणाल्या, वेस्टन, आधी वॉर्ड तीनमध्ये पांघरुणं वाट.

१० ऑक्टोबर
वॉर्ड तीनमधले पेशंट प्रुइट आजोबा दर मंगळवारी त्याच आरामखुर्चीत. म्हणाले, बस की रे घटकाभर, पत्ते खेळू. केमिस्ट्रीची परीक्षा जवळ आल्यामुळे चादरींच्या खोलीत अभ्यास केला. तासांत धरला. होतो तर हॉस्पिटलातच.

१३ फेब्रुवारी
ब्याण्णव तास. आजोबांनी पुन्हा पत्ते काढले. पुढच्या मंगळवारी नक्की, म्हणालो. मी शब्दाचा पक्का आहे. मंगळवार कुठला, ते ठरायचंय.

१४ मे, दुपारी
अर्जाचा निबंध: 'माझं आयुष्य बदलणारा रुग्ण'. प्रुइट आजोबांचा हात धरून मी तासन्‌तास बसायचो, असं लिहिलं. वाचून मलाच भरून आलं. शेवट मात्र ढिला पडत होता. शेवटच्या ओळीत हार्ट अटॅकने आजोबांना नेलं. आता जमलं.

२१ मे
मिसेस ग्रबोव्स्कींकडे शिफारसपत्र मागितलं. त्यांना सोपं जावं म्हणून निबंधही जोडला.

२८ मे
बोलावणं आलं. कौतुकच असणार, म्हणून नवा शर्ट. बाईंनी वॉर्ड तीनमध्ये नेलं. खुर्चीत आजोबा, हातात माझा निबंध. म्हणाले, माझं हृदय ठणठणीत आहे, बाळा. किडन्या गेल्यात. हा डायलिसिसचा वॉर्ड, दारावर एवढं मोठं लिहिलंय. मग म्हणाले, हात धरल्याचं छान लिहिलंयस. तेवढं खरं असतं, तर मेलेलंही चाललं असतं मला.

पत्र मिळणार नाही, बाई म्हणाल्या. म्हणजे यंदा अर्जच नाही.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण पुढच्या वर्षीच्या निबंधाला विषय मिळाला: रुग्णाचं ऐकून घेणं. घरी येऊन लगेच लिहायला बसलो. पहिल्याच ओळीत अडलो.

आजोबांचं पहिलं नाव काय?