न्हाणीतलं पाणी कुठं गेलं

मौजे उमापूर
मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, फसली सन १३२१

चिरंजीव सौभाग्यवती तुळजास, आबाचे पोटभर आशीर्वाद.

इथं मी, तुझी छबुआत्या आन् दोन्ही म्हशी खुशाल हाओत. तिकडं सासरी युसूफवडगावला तू, जावई राधाकिशनराव आन् व्याहीमंडळी बरी असाल. पायांवर सूज येते का, ते आधी कळव.

तुझं पत्र दिवाळीआधीच पोचलं. उत्तर कावून न्हाई दिलं म्हणशील, तर घरात काम काढलंय. मागच्या पडवीत न्हाणी बांधतोय. हसू नको, ऐक तर.

औरंगाबादेला गेलतो, तवा एका अंमलदाराच्या बंगल्यात पाहिलं. डोक्यावर तांब्याची घागर टांगलेली, बुडाला चाळणीगत भोकं. साखळी ओढली की पाणी अंगावर पडतं, वाकायचं कामच न्हाई! ते माझ्या डोक्यात बसलं. तांबटाच्या मागं लागून तशीच घागर करून घेतली. मग ध्यानात आलं, घागर सोपी हाय, खाली पडलेलं पाणी सांभाळणं अवघड. आपलं घर पांढऱ्या मातीचं. भिंतीत पाणी मुरलं की भिंत बसलीच समज.

म्हणून जालन्याच्या टेसनावरून शहाबादी फरशी आणवली. मुंजाजी गवंड्यानं बैल जुंपून दगडी घाणीत चुना मळला. त्यात विटांचा भुगा, गूळ, हिरड्याचं पाणी. मी विचारलं, गूळ कावून? हिरडा कावून? तर म्हणतो, "मालक, माझा बाप घालायचा. त्यानं सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई." असल्या उत्तरानं माझं टाळकंच फिरतं. मग मीच चुन्याचे लाडू वळले, एक गुळाचा, एक बिनगुळाचा. वाळवले आन् पाण्यात बुडवून पाहत बसलो. बिनगुळाचा आधी विरला! तुझी आत्या म्हणते, "दादा, पोरीच्या आधी तुमालाच डोहाळे लागले." तिचं काय मनावर घ्यायचं.

फरशी बसली. उतार बघायला एक लिंबू सोडलं, ते गडगडत थेट मोरीच्या तोंडाशी गेलं. लई आनंद झाला. चुना चांगला वाळू दिला. मग मोरीत चिंध्या आन् चिखल कोंबला, न्हाणी घोटाभर पाण्यानं भरली आन् पाण्याच्या कडेनं कोळशाची रेघ ओढली. सकाळी पाहतो तर पाणी रेघेच्या पार खाली उतरलेलं. मुंजाजी म्हणतो, "उन्हानं पेलं आसंल." रातीत कसलं ऊन बे?

पाणी गेलं कुठं? मला जेवण गोड लागेना. शेवटी आत्याचा हळदीचा डबा पाण्यात उपडा केला आन् घराभोवती वाकून वाकून फिरलो. अंगणात न्हाई, गोठ्यात न्हाई. आत्या हळदीच्या नावानं बोटं मोडत होती, तिनंच मला हाक मारली. मधल्या खोलीच्या दाराखालून पिवळा ओघळ आलता.

त्या खोलीला कुलूप हाय, तुला ठाऊकच हाय. तुझी आई गेल्यापासून.

किल्ली आत्यानं फिरवली. न्हाणीकडच्या भिंतीचा खालचा पट्टा पिवळा झालता, बाजेचा पाय भिजलेला. मी उंबऱ्यावरच उभा ऱ्हायलो.

मग सगळा संताप मुंजाजीवर काढला. न्हाई न्हाई ते बोललो. त्यानं मुकाट भिंतीकडची फरशी उचकटली. खाली फडक्यात बांधलेली खोबऱ्याची वाटी निघाली. खोबरं भिजून नरम पडलेलं, त्यावरची फरशी खचली होती आन् सांधा उघडा पडला होता.

"मालक, पूजेची सुपारी म्या दाराकडं ठिवली. ह्ये कुणाचं?"

माझंच होतं. तो भाकर खायला गेला, तवा मी ओल्या चुन्यात दडवलं होतं. नारायणगडाचा अंगारा होता त्या वाटीत.

"पर कावून?"

गावभर कावून, कावून करत फिरणारा मी, आता तोच सवाल माझ्यावर उलटला. मग एकदम तोंडून निघून गेलं, "माझ्या पोरीचं बाळंतपण इथं करायचं हाय. आन् तिची माय त्या खोलीत बाळंत होतानाच गेली."

आता तुलाही सांगतो. तुझे सासरे आप्पाराव सारखे निरोप धाडतात, पहिलं बाळंतपण माहेरी, लेकीला कधी नेता? मी गप्प. तू लिहिलंस, "आबा, मी नकोशी झाले का?" अगं पोरी! नकोशी कशानं होशील? मला भ्या वाटतं. तुला सासरी राहू द्यावं तर जीव तिकडं टांगलेला, इथं आणावं तर तीच खोली. तुझी आई शेवटी मला हाका मारत होती, त्या अजून ऐकू येतात. म्हणून मी चुना मळत बसलो, फरशी निवडत बसलो, तुला मात्र ये म्हणालो न्हाई.

मुंजाजीनं वाटी माझ्या हातात दिली. अंगारा मी तुळशीत सोडला. फरशी पुन्हा बसवली, ह्या खेपेला खाली नुसता चुना. तो वाळल्यावर परत पाणी भरलं, परत रेघ ओढली. पाणी रेघेला धरून हाय. मी येता-जाता बघतो, आत्या मला वेड्यात काढते.

मधली खोली तिनं सारवून घेतली, बाज उन्हात टाकली. सारजाबाई सुईण येऊन पाहून गेली. तिनं दम दिलाय, "बाळंतिणीला न्हायला मी घालीन. मालक, तुमी घागरीपाशी लुडबुड करायची न्हाई."

हे पत्र आपला गाडीवान धुळाजी घेऊन येतोय. गाडीत कडबा जाड अंथरलाय, वर गोधड्या घातल्यात. मुक्काम करत, हळू आण म्हणून बजावलंय. भ्या अजून हाय बाई, ते काय चुन्यानं बुजत न्हाई. तरी तू ये. नवी न्हाणी अजून कुणी वापरली न्हाई, मीही न्हाई.

मधल्या खोलीचं कुलूप विहिरीत टाकून तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेला,
तुझा आबा