निळीचा कारखाना सुनेच्या नावे

मी, बोरबाला हालमाइ, दिवंगत देनेश हालमाइ यांची पत्नी, वय पंचाहत्तर, धंदा कापड छापणे व निळीत रंगवणे, राहणार केरेकहाझा, वेस्प्रेम जिल्हा, हंगेरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, तो फक्त माझ्या मुलासाठी. बाकी कोणाला त्याची गरज वाटणार नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. तसे दडपण आणणारा माणूस या गावात अजून जन्मायचा आहे. आधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

हे लिहिण्याचे कारण सरळ सांगते. माझा मुलगा गेर्गो याने कारखान्याच्या जागेसाठी गिऱ्हाईक पाहून ठेवले आहे. त्या गृहस्थांना तिथे हॉटेल काढायचे आहे, आणि निळीच्या हौदांत पाहुण्यांना डुंबायला गरम पाणी सोडायचे आहे. माझ्या डोळ्यांदेखत हे होणार नाही. माझ्या माघारीही होऊ नये, म्हणून हा खटाटोप.

कलम १. राहते घर, टेकडीवरचा द्राक्षमळा आणि बँकेतली सर्व शिल्लक गेर्गोला द्यावी. कायद्याने मुलाला जेवढे द्यावेच लागते त्याहून हे जास्त भरते, याची नोटरी तिमारबाईंनी खात्री केली आहे. मळ्यातली खोली गळते. ती त्याने स्वतः दुरुस्त करावी. इंजिनिअर आहे.

कलम २. कारखान्याची इमारत, हौद, कापड टांगून बुडवायची चक्रे, छपाईचे टेबल, सर्व ठसे, आणि कापड घोटून चकचकीत करायचे ते लाकडी धूड, जे ओढायला सासऱ्यांच्या काळी घोडा लागे, हे सारे माझी सून इल्दिको बेंत्से हिला द्यावे. इथे ‘पूर्वीची सून’ असे लिहा, असे नोटरीबाईंनी सुचवले. मी लिहिणार नाही. घटस्फोट माझ्या मुलाचा झाला आहे, माझा नाही.

कोर्टाचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखाना उघडला, तर ही दारात उभी. मी म्हटले, “तू कशाला आलीस गं आता?”

“आई, हौद कालपासून तयार आहे. नवरा सोडलाय मी, नीळ नाही.” एवढे बोलून तिने बाह्या सारल्या. मला रडू आले, आणि ते तिने पाहिलेही. पण रडत बसायला वेळ नव्हता.

आज आमचे कापड व्हिएन्नाच्या दुकानांत जाते, ते तिच्यामुळे. गावातल्या कितीतरी बायका आमच्या टेबलाशी उभ्या राहून आपली घरे चालवतात, त्याही तिने शिकवलेल्या. ठशाने जो लेप कापडावर बसतो, आणि ज्याच्याखाली नीळ चढत नाही, तो लेप तिच्या हातचा माझ्याहून चांगला होतो. हे मी तोंडाने कधी कबूल केले नाही. इथे करते.

कलम ३. ठसे विकू नयेत, वाटू नयेत. त्यांची हकिकत अशी, की देनेश वारला त्याच हिवाळ्यात माझे दीर वेंदेल यांनी गोठ्यात ठेवलेले जुने ठसे चुलीत घातले. नासपतीचे वाळलेले लाकूड, छान जळले म्हणे. “थंडी किती होती, वहिनी!” असे ते अजून सांगतात. थंडी मलाही होती.

नमुने पुन्हा कोरून घ्यायचे, तर समोर कापड हवे. मी सायकल काढली आणि गावोगाव म्हाताऱ्यांच्या घरी एप्रन मागत फिरले. जिथे तिथे एकच, गडद निळ्यावर बारीक ठिपके. आमच्याकडे वय वाढते तशी बाईच्या कापडावरची फुले लहान होत जातात. मोठ्या फुलांचे, लग्नातल्या पोरींचे नमुने कोणाकडेच सापडेनात. शेवटी पिरोश्काआजी वैतागली.

“मोहरीएवढे ठिपके घेऊन काय करशील तू? उलटून बघ की!”

“उलट्या बाजूला काय आहे?”

“माझं लग्न आहे. नवरा गेल्यापासून आत ठेवलंय.”

कापड दोन्ही बाजूंनी छापलेले. नवरा गेला की बाई एप्रन उलटा बांधते, तो कायमचा. आतल्या बाजूला ट्यूलिप होते, डाळिंबे होती, ऊन न लागलेली, जशीच्या तशी. माझ्या स्वतःच्या कमरेलाही तसाच उलटा एप्रन होता, आणि मी गावे पालथी घालत होते. आज भिंतीवर जेवढे ठसे आहेत, तेवढे सगळे विधवांच्या एप्रनांच्या आतून परत आलेले आहेत. गावातले सुतार ओट्टोकाका, त्यांनी ते कोरले. याचा मला जो अभिमान आहे तो कशाचाच नाही.

मला पुरताना माझा एप्रन सुलटा बांधावा. देनेशकडे जाते आहे, दुखवटा तिथे संपला. पाद्रीबुवांना आधी सांगून ठेवावे.

कलम ४. वेंदेलभाऊजींना गाडीभर सरपण द्यावे, नासपतीचे.

कलम ५. दारावरची ‘हालमाइ आणि मुलगे’ ही पाटी उतरवावी. मुलगे कोर्टकचेऱ्या आणि बाजार पाहत. हात निळे व्हायचे ते सुनांचे. मला सासूबाईंनी शिकवले, त्यांना त्यांच्या सासूने. नव्या पाटीवर इल्दिकोचे माहेरचे नाव घालावे.

पुरवणी. सही करण्यापूर्वी हे सर्व मी रविवारी जेवणानंतर गेर्गोला वाचून दाखवले. खसखशीच्या शेवया त्याने ताटात तशाच ठेवल्या.

“म्हणजे हॉटेल गेलं,” तो म्हणाला.

“गेलं.”

मला वाटले, आता भांडण. तर म्हणाला, “आई, घोटायच्या यंत्राचं डावं बेअरिंग गेलंय. रस्त्यावर ऐकू येतं.”

“तू कशाला जातोस त्या रस्त्याने? तुझं ऑफिस पलीकडे आहे.”

त्याने ताट बाजूला सारले. मग हळूच, “मी येऊन बदललं, तर ती येऊ देईल का?”

“मला काय विचारतोस? मालकीण ती आहे. सकाळी सातला उघडते.”

हेही एखाद्या कलमात घालता येईल का, असे मी नोटरीबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, मृत्युपत्राने नवरा देता येत नाही. म्हणून ते मी त्याच्यावरच सोडले आहे.

सही: बोरबाला हालमाइ

आम्हा दोघांच्या समक्ष बोरबालाबाईंनी सही केली:
ओर्शोया लुकाच, निवृत्त शिक्षिका
टिबोर फाझेकाश, बेकरीवाले

स्थळ: केरेकहाझा
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९