पिवळी गाडी, जोडमोह्याचा रस्ता

४ नोव्हेंबर
गाडी आली. नागपूरहून मीच चालवत आणली, इमरानभाई त्यांच्या व्हॅननं मागे. माझ्या नवऱ्याचे, अभयचे, शाळेपासूनचे दोस्त, इथलं गॅरेज त्यांचं. वर्कशॉपवाल्यानं समोरचा भाग सगळा नवा बसवलाय. पिवळा रंग जुन्याहून जरा उजळ वाटतो, उन्हात कळतं.

अभय (इथून पुढे अ.) खोलीतून बाहेर आला नाही. चाकाची खुर्ची खिडकीशी होती, म्हणजे बघितली असणार. मी आत गेले तर म्हणाला, "आवाज बराबर आहे."
एवढंच.

सासूबाई ओसरीवरून, "कायले आनली व ते घरात? भंगारात द्याची होती."
मी चहा ठेवला.

७ नोव्हेंबर
कॉलेज. अकरावीचे तास. परत आल्यावर अ.ची कूस बदलणं, पाठ बघणं (लाल डाग नाही), पायांचे व्यायाम. त्याचे पाय मी वाकवते, सरळ करते. जड असतात. तो मोबाइल बघत असतो, मी भिंतीकडं. एप्रिलपासून हेच. लोक विचारतात कशी आहेस. बरी आहे म्हणते, ते खोटंही नाही. काहीच नाहीये.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रडू येतं का? नाही. झोप? येते. भूक? जेवते.
जेवते म्हणजे ताट रिकामं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
इमरानभाईंचा फोन. "वहिनी, गाडी उभी नका ठेवू. बॅटरी बसून जाईन. जरा फिरवून आणा."

सकाळी काढली. नागपूर रोडला जायचं ठरवलं होतं. चौकात आल्यावर जोडमोह्याकडं वळवली. का ते माहीत नाही.

ते झाड आलं. सागवान. साल सोललेली जागा अजून दिसते, कडेनं नवी साल धरतेय. रोही (नीलगाय) आडवा आला, अ.नं वाचवायला गाडी वळवली, थेट झाडावर. पोलिसांना हेच सांगितलं, आम्हालाही. मी थांबले नाही. काही वाटलंही नाही. वाटेल म्हणून वाट बघत होते खरं तर.

पुढं घाटाची वळणं सुरू होतात. पहिली दोन-तीन नीट जमली नाहीत. मग एका उजव्या वळणाला स्टिअरिंगमागचं पातं ओढलं, गिअर खाली आला, इंजिन गुरगुरलं, आणि गाडी अशी वळली की मी नुसतं बघितलं तिकडं ती गेली. जोरात नव्हते. एखादी एसटी जाईल तेवढीच.

वर टपरीवर थांबले. पोहे खाल्ले. अजून एक प्लेट सांगितली. ती खाताना कळलं, भूक लागलीय.

१७ नोव्हेंबर
अ.ला सांगितलं नाही. विचारलंही नाही त्यानं.

२३ नोव्हेंबर
परत गेले.
लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. जोराचा त्यात काही संबंध नाही. काच खाली असते. वळणाच्या आधी पाय सोडायचा, गाडीचं नाक जरा खाली येतं, वळणात शिरताना पाठ सीटला एका बाजूनं टेकते. मग रस्ता उघडतो. कधी उतारावर तुरीचं शेत, कधी नुसतं जंगल. पुढचं वळण कसं असेल ते दिसत नाही. दोन्ही हात कामात असतात. डोक्यात कोणी बोलत नाही.

घरी आले तर अ. अंगणात. चाकाकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"कोणत्या रस्त्यानं गेलती?"
सांगितलं.
टायरमध्ये अडकलेला खडा बोटानं काढला. मग, "तिकडे नको जात जाऊ."
"हळूच जाते मी."
"हळूचा प्रश्न नाही, शुभा." खुर्ची वळवून आत गेला.

२९ नोव्हेंबर
अ.नं हैदराबादकडच्या एका रेस-ट्रॅकवाल्याला फोन केला. सगळी चौकशी केली. हेल्मेट, टायर, कोणालाही येता येतं का. जेवताना सांगितलं: गाडी चालवायची तर ट्रॅकवर. रस्त्यावर नाही.

हाच माणूस ट्रॅकवाल्यांना हसायचा. घाण्याचा बैल म्हणायचा. "गोल गोल फिरायचं, आन परत तिथंच. रस्ता कुठी तरी जाते तरी." दर रविवारी पहाटे उठून जोडमोहा. मी मागं लागायचे, ट्रॅकवर जा, तिथं मर काय मरायचं ते. असं बोललेय मी. गमतीत.
आता तो ट्रॅक म्हणतो. आणि मी…

सासूबाई ताटातून मान वर न करता म्हणाल्या, "दोघंही येडे झाले."

१४ डिसेंबर
ट्रॅक. काल निघालो. अ. इमरानभाईंच्या व्हॅनमध्ये, मी पिवळी घेऊन. पांढरकवड्यापासून पुढं हायवे, ट्रकांची रांग. सरळ रस्त्यावर ही गाडी कंटाळवाणी आहे.

सकाळी हेल्मेट घातलं. एक पोरगेला शिकवणारा शेजारी बसला, पहिल्या फेऱ्यांना त्यानं कुठं ब्रेक, कुठं वळायचं ते दाखवलं. मग एकटी. समोरून कोणी येत नाही. कुत्रं नाही, म्हैस नाही, कापसाचा टेम्पो नाही. पूर्ण दाबलं. आयुष्यात एवढ्या जोरात गेले नव्हते. मान दुखली.

बाकी काही नाही. आठवतंय तेवढं लिहिते: दुसऱ्या फेरीपासून पुढचं वळण पाठ झालं होतं. तिसऱ्यानंतर मी सोमवारच्या तासाचा विचार करत होते.

पण अ.! कठड्याशी खुर्ची लावून बसला होता. मी समोरून गेले की दोन्ही हात वर. थांबले तर ओरडला, "उशिरा ब्रेक मार ना! घाबरतं कायले? इथं कोनीच नाही!" चेहरा लालबुंद. घाम. हसत होता. एप्रिलनंतर त्याचे दात मी पहिल्यांदा बघितले बहुतेक.
त्याच्यासाठी अजून फेऱ्या मारल्या.

इमरानभाई व्हॅनला टेकून होते. हळूच म्हणाले, "वहिनी, हा तर जिंदा हो गया."

१६ डिसेंबर
अ.ला आता गाडीत हातानं चालवायचा दांडा बसवायचाय. ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. पायाची गरज नाही. इमरानभाईंनी एका अपंग मास्तरांच्या गाडीला बसवून दिला होता. करतो म्हणाले.
"ट्रॅकवर चालवीन. फक्त ट्रॅकवर." सासूबाईंकडं बघून दोनदा म्हणाला.
त्या उठून गेल्या. आतून भांड्यांचा आवाज.
मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं असेलही.

२८ डिसेंबर
नाताळची सुट्टी. अ. इमरानभाईंकडं गॅरेजमध्ये. खरं तर गाडीही तिथंच ठेवायची होती, मी म्हटलं दुपारी आणते.
आणि जोडमोहा.
चोरून नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

४ जानेवारी
आठवडाभर वही उघडली नाही. त्या दिवशीचं लिहायचं आहे.

झाडाच्या अलीकडचं वळण. वळले तर समोर कापसाचा टेम्पो उभा, अर्धा रस्त्यात, गठ्ठे दोन्ही बाजूंना सुटलेले. सावलीला कापूस वेचणाऱ्या बाया भाकर खात बसलेल्या. ब्रेक मारला. थांबली गाडी, बरंच अंतर ठेवून थांबली. काही झालं नाही. पण एक पोर उठून पळालं, एका बाईच्या हातातली भाकर पडली.

ती बाई आली. काळी-सावळी, माझ्याच वयाची, डोक्याला रुमाल. मला वाटलं शिव्या देईल. ती गाडी बघत होती.
"हे थेच गाडी व्हय ना?"
मी इंजिन बंद केलं.
"उन्हाळ्यात थ्या झाडावर आदळली थे. आम्हीच काढलं थ्याले. माह्या मांडीवर डोक्सं होतं थ्याचं." मग, "तू कोन थ्याची?"
"बायको."
"वाचला का?"
"वाचला."
"चालते?"
"नाही."

ती खाली बसली, गाडीच्या शेजारी, मातीतच. मीही उतरले. म्हटलं, रोही आला होता म्हणे.
तिनं माझ्याकडं असं बघितलं की…
"कोन्ता रोही व माय? माही पोट्टी होती. मोहाचे फुलं वेचून राह्यली होती, टोपली घेऊन रस्त्यात आली. थो लय जोरात आला. आंगावरच आलता. मंग वळवली थ्यानं." हातानं वळवून दाखवलं. "थ्यानं वळवली म्हून पोट्टी हाये. आन जोरात आला म्हूनच हे सारं झालं. म्या घरी रोज थ्याले शिव्या बी देतो आन हात बी जोडतो. काय करू सांग."
मी तिच्या शेजारी मातीत बसले, तीच पुढं बोलली.
"शुद्धीत होता. म्हने, पोरीचं नाव कोनाले सांगू नका, पोलीस फिरवतीन. रोही सांगा."

जाताना विचारलं, नाव काय, गाव कोणतं. तिचं सुमन, गाव झाडाच्या पुढंच. पोरीचं नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
"थ्याले आन एकदा," म्हणाली. "आन हळू जाजो."

परत येताना गाडी बाजूला लावून बसले. उलटी झाली. मग बरं वाटलं, म्हणजे बरं नाही, पण काहीतरी वाटलं.

५ जानेवारी
अ.ला विचारलं. त्याची पाठ पुसत होते, म्हणजे तोंड दिसत नव्हतं. बरं झालं.
"सुमनबाई भेटली."
पाठ ताठ झाली.
"रोही कशाला सांगितला? मला तरी."
"रोही म्हटलं का पुढं कोनी विचारत नाही." मी टॉवेल पिळला. मग, "तिच्या हातात टोपली होती. पिवळी फुलं. मले ते टोपली दिसते, शुभा. पोरगी नाही दिसत. टोपली."

मग म्हणाला, त्या दिवशी तो फार जोरात नव्हता. नेहमीएवढाच होता. "तेच तर आहे," म्हणाला. "नेहमीएवढाच. रस्ता पाठ होता मले. रस्त्यावरचे मानसं पाठ नव्हते."

पाठ पुसून झाली. पावडर लावली. सदरा घातला.

६ जानेवारी
म्हणजे तो ट्रॅकवर जातो ते स्वतःच्या जिवाच्या भीतीनं नाही. हे मला आधी का कळलं नाही.
आणि मला जे त्या वळणांवर मिळतं… पुढचं वळण माहीत नसणं. त्या न दिसणाऱ्या वळणामागंच सुमनबाई भाकर खात बसलेली असते. मी हळू जाते. हळू जात होते. तरी भाकर पडली.

११ जानेवारी
रविवार. गेले नाही. गाडी तशीही गॅरेजात. दिवसभर पेपर तपासले. दुपारी जेवले, ताट रिकामं झालं.

२० जानेवारी
दांडा बसला. पायाची पेडलं तशीच आहेत, म्हणजे दोघांनाही चालवता येईल. गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत अ.ला इमरानभाईंनी उचलून आत बसवलं. गाडी ठेंगणी, त्यांच्या कमरेत उसण भरली. अ.नं गाडी पुढं-मागं केली. इमरानभाईंच्या डोळ्यात पाणी. माझ्या नाही.
अ. काच खाली करून म्हणाला, "फेब्रुवारीत हैदराबाद. तू येशीन ना?"
"मी येईन. पण मी ट्रॅकवर चालवणार नाही."
"काहून?"
"मला काही होत नाही तिथं."
तो बघत राहिला. "आन जोडमोह्याले होते?"
"होतं."
"काय होते?"
भूक लागते, म्हटलं.
तो हसला नाही. हसेल वाटलं होतं.

२५ जानेवारी
जेवताना सासूबाईंना सगळं सांगितलं अ.नं. रोही नव्हता, पोरगी होती. त्या वाढत होत्या. पळीतून वरण सांडलं. बसल्या. म्हणाल्या, "मंग पोट्टी कशी हाये?"
"बरी हाये म्हणे."
"जाऊन ये," म्हणाल्या. "लुगडं ने एक. आन पोट्टीले काही."

१ फेब्रुवारी
हे गाडीतच लिहितेय. सुमनबाईंच्या गावाच्या तोंडाशी. अ. शेजारी. आणायला कष्ट पडले, त्याला आत सरकवताना त्याचं डोकं दाराला लागलं, दोघं हसलो.

येताना फार हळू चालवली. मागून एक टिप्पर हॉर्न मारत होता. अ. म्हणाला, "जाऊ दे थ्याले." झाडाशी आल्यावर मी त्याच्याकडं बघितलं नाही, त्यानं झाडाकडं बघितलं की नाही माहीत नाही. पळसाला कळ्या आल्यात.

सुमनबाईंच्या घराला कुलूप. शेजारची म्हातारी म्हणाली, तुरीले गेली, पोट्टीबी संगच हाये, दुपारच्याले येईन. म्हटलं थांबतो. लुगड्याची पिशवी मागं आहे.

तासभर झाला. समोर रस्ता वर चढतो, जंगलात शिरतो, दोन वळणं इथून दिसतात. एकही गाडी नाही. अ. कधीचा तिकडं बघतोय. आत्ता म्हणाला, "येईपर्यंत एक चक्कर मार."
"कुठं?"
"वर. टपरीपर्यंत. मी बाजूले बसून राहतो."

मी विचारलं, नक्की? तो म्हणाला, "मले पाहायचं हाये, तुले काय होते थे."
किल्ली लावलेली आहे. माझा हात तिच्यावर नाही, पेनवर आहे. त्याचा चेहरा मला वाचता येत नाहीये. त्याला खरंच बघायचंय, की मी नाही म्हणेन का ते बघायचंय.

म्हटलं, एवढं लिहून होऊ दे.