आबा दक्षिणेला सापडतील

मुरुड, १८ ऑगस्ट १९८२

चि. रामकिशन यास साखराआक्काचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र हातात पडलं की आधी खाली बस, मग वाच.

आपले आबा हरवले आहेत. रविवारी लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या कार्यक्रमाला जायचा आबांनी हट्ट धरला होता. मी त्यांना एसटीने घेऊन गेले. गर्दीत माझा हात सुटला तो सुटलाच. तुला माहीतच आहे, आई गेल्यापासून ते माझ्याकडे आहेत, पण वर्षभरापासून त्यांना आठवत नाही. जेवले तरी जेवलो नाही म्हणतात, कधी मला आईच्या नावाने हाक मारतात. स्वतःचं नाव तरी कुणाला सांगतील का, याची मला काळजी आहे.

चौकीत आबांचं श्रीमंत हे नाव लिहून दिलं. जमादार म्हणाला, बाई, जिल्हाच काल-परवा झाला, जरा दम धरा. इकडे पाऊस नाही, विहिरीला तळ दिसतो. अशा दिवसांत म्हाताऱ्या माणसाला पाणी तरी कोण देणार? तू काहीतरी कर.

तुझी आक्का,
साखरा

*

किनवट, २८ ऑगस्ट १९८२

ती. आक्कास सप्रेम जयभीम वि. वि.

पत्र वाचलं आणि त्याच दिवशी नांदेड गाठलं. स्टेशन, सरकारी दवाखाना, गुरुद्वाऱ्याचा लंगर, सगळीकडे पाहिलं. लंगरात एक म्हातारा पाठमोरा बसलेला दिसला. मी पळत जाऊन खांद्यावर हात ठेवला, तर तो कुणी तेलंगणातला निघाला. त्यानेच मला जेवायला बसवलं.

आक्का, हात सुटला त्यात तुझा काय दोष? तू रडून डोळे सुजवून घेऊ नकोस. सात वर्षं आबांना सांभाळलंस तू, मी तर इथे जंगलात आश्रमशाळेची पोरं राखत बसलोय. आबा चिवट आहेत. कस्तुरा बाळंतपणाला माहेरी गेली आहे, तिला यातलं काही कळवलेलं नाही, तूही कळवू नकोस.

आबांनी जाण्याआधी काही बोलून दाखवलं असेल, कुणाचं नाव, कुठलं गाव, तर आठवून लिही. त्यावरून शोधता येईल.

तुझा भाऊ,
रामकिशन

*

मुरुड, ३ सप्टेंबर १९८२

चि. रामकिशन यास आशीर्वाद. वि. वि.

तू रागावशील हे ठाऊक असून लिहिते आहे. वाण्याच्या घराशेजारची पार्वतीबाई मला जोशाकडे घेऊन गेली. माणूस किंवा जिन्नस ज्या दिवशी हरवतो, त्या दिवसाच्या नक्षत्रावरून दिशा निघते म्हणे. काही नक्षत्रं आंधळी असतात, काही अधू, काही डोळस. आबा हरवले ते नक्षत्र अधू डोळ्यांचं. जोशाने पंचांग पाहून सांगितलं की माणूस दक्षिणेला आहे, कष्टाने सापडेल, पण महिन्याच्या आत निघायला पाहिजे.

रामकिशन, मी आंधळी झाले आहे रे. रस्त्याने पांढरं धोतर दिसलं की मागे धावते. परवा पाझर तलावाच्या कामावरून पाटी टाकून अशीच धावले, तर मुकादमाने हजेरी कापली. तू रजा काढून दक्षिणेला जा. उदगीर, बिदर, गुलबर्गा. मी बाईमाणूस एकटी कुठे फिरू? एवढं एक माझं ऐक, पुन्हा काही मागणार नाही.

आबा जाताना काही बोलल्याचं मला आठवत नाही.

तुझी आक्का,
साखरा

*

किनवट, ९ सप्टेंबर १९८२

ती. आक्कास जयभीम वि. वि.

तुझं पत्र फाडून टाकलं, मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं.

आपला थोरला भाऊ तापाने फणफणला होता, ती गोष्ट तुझ्यादेखतची, मी तर जन्मलोही नव्हतो. बुधवारी उत्तरेला जायचं नसतं असं जोशाने सांगितलं म्हणून आबा त्याला दवाखान्यात न्यायचे एक दिवस थांबले. गुरुवारी गाडी जुंपली तेव्हा पोर गेलेलं होतं. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर आबांनी घरातलं पंचांग नदीत सोडलं, ते देवांच्याही आधी. श्रीमंताच्या घरात पुन्हा जोशाला कुणी विचारणार नाही, हे त्यांनी आपल्याकडून रोज सांजेला म्हणवून घेतलं. आणि त्यांनाच शोधायला तू जोशाच्या ओट्यावर गेलीस.

हे सगळं लिहून मोकळा झालो, आणि आता सांगतो की मी उद्या निघतो आहे. दक्षिणेलाच. नांदेड, परभणी, पूर्णा सगळं पालथं घालून झालं, आक्का. चौथी दिशा, पाचवी दिशा, कुणीही सांगितली असती तरी मी गेलो असतो. तीन आठवड्यांची रजा मिळाली. खोलीला कुलूप लावतो आहे. वसतिगृहाचा पहारेकरी व्यंकटी नवा आहे, पण भला माणूस. जोशाने दक्षिण सांगितलीय म्हणून वडिलांना हुडकायला चाललो, असं त्याला सांगताना मला मान वर करता आली नाही.

तुझा भाऊ,
रामकिशन

*

मुरुड, १५ सप्टेंबर १९८२

चि. रामकिशन यास आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र पोचेल तेव्हा तू तिथे नसशील. तरी लिहिते, कारण तुझं पत्र वाचल्यापासून घास उतरत नाही.

लातूरला आम्ही गेलोच नाही. आबा शुक्रवारीच गेले, तेरा तारखेला, घरातून. रात्रभर नंबर लावून मी दोन घागरी पाणी आणलं होतं. कामावरून आले तर आबांनी त्या पाण्यात धोतर धुऊन वाळत घातलं होतं. नव्या जिल्ह्याला मळक्या कपड्यांनी कसं जायचं, असं म्हणाले. माझं डोकं फिरलं. मी त्यांना म्हणाले, जावा तुमच्या लेकाकडं, तिथं जंगलात लई पाणी हाय, मला न्हाई झेपत आता. ते उठले. ओलं धोतर तसंच नेसले. मी तोंड फिरवून चूल पेटवत बसले. मागे वळून पाहिलं तर दारात कुणी नव्हतं.

मला वाटलं, पारावर बसले असतील, येतील. दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. मग लोक काय म्हणतील, तू काय म्हणशील, म्हणून लातूरची गर्दी पुढे केली. जोशालाही रविवारच सांगितला.

रामकिशन, ते तुझ्याकडेच निघाले असतील रे. तू जिथे असशील तिथून परत फिर.

तुझी अपराधी आक्का,
साखरा

*

किनवट, ४ ऑक्टोबर १९८२

ती. आक्कास जयभीम वि. वि.

काल परतलो. बिदर, गुलबर्गा, पुढे रायचूरपर्यंत गेलो. तुझं पत्र दाराच्या फटीतून आत पडलं होतं. ते वाचून मी बाहेर आलो तर व्यंकटी समोरच होता.

आबा आले होते.

अठरा तारखेला आले, रुळाच्या कडेने चालत. पाय सुजलेले. हे रामकिशन मास्तरचं घर का, एवढं त्यांनी विचारलं. व्यंकटीने नाव विचारलं तर म्हणाले, त्याच्या गावचा हाय. चार दिवस ते माझ्या दाराला टेकून बसले होते. व्यंकटीने भाकरी दिली, पाणी दिलं. पाणी पिताना दर वेळी विचारायचे की संपणार तर नाही ना, घरात लेक ओरडंल.

बावीस तारखेला सकाळी त्यांनी विचारलं की मास्तर गेलाय कुठं. व्यंकटीने खरं ते सांगितलं. मास्तरचे वडील हरवलेत, जोशाने दक्षिण सांगितली, म्हणून तिकडे गेलेत. आबा उठले आणि म्हणाले, हे घर आमच्या रामकिशनचं न्हाई. आमच्या घरात जोशाला इचारत न्हाईत. उगंच परक्याच्या दारात बसलो. व्यंकटीला हात जोडून, भाकरीबद्दल लई उपकार झाले म्हणाले आणि निघून गेले. तो आत घंटा द्यायला गेला होता. कुठे वळले ते त्याने पाहिलं नाही.

आक्का, ते सगळं विसरले आणि एवढंच लक्षात राहिलं त्यांच्या. आणि मी तेवढ्या कसोटीलाही उतरलो नाही. तुला मी काही बोलणार नाही. बोलायला तोंड कुठे आहे मला?

बारा दिवस झालेत. रुळाच्या दोन्ही बाजूंची गावं आजपासून पायी धुंडाळतो. श्रीमंताच्या रामकिशनचं घर विचारणारा कुणी म्हातारा आला होता का, असं दारोदार विचारतो आहे. तू पत्र मिळताच निघून ये. किल्ली व्यंकटीकडे आहे. दार उघडं ठेव आणि ओट्यावर दिसेल अशी बस. आबा आले तर मी शाळेवर गेलोय म्हणून सांग. जोशाचं नाव त्यांच्यापुढे काढू नकोस.

लोभ आहेच, तो मी घरी नसताना त्यांना दे.

तुझा भाऊ,
रामकिशन