तिसऱ्या मजल्यावरचं शेत

कोथरूड, पुणे
१२ जानेवारी १९९७

तीर्थस्वरूप हिंदुरावमामांस,

तुमचा भाचा जयसिंग याचा तुम्हांला आणि मामींना साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला गेला नसेल, तर त्या काढा खिडकीबाहेर ओततात असा तुमच्या भाचेसुनेचा, म्हणजे आमच्या प्रेमलाचा, कयास आहे. इकडे सर्व क्षेम. तुमची बहीण, म्हणजे आमची आई, सुखरूप आहे. हा शब्द तिला जरा अपुरा पडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

हडपसरची जमीन बिल्डरला दिली आणि आई आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला आली, तेव्हाची तिची अवस्था तुम्ही पाहिलीच होती. दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघायची आणि अर्धी भाकर ताटात टाकून उठायची. विचारलं तर म्हणायची, "काम न्हाई तर भूक कशाची लागतीय?" डॉक्टरांनी टॉनिक दिलं, ते तिने बेसिनला पाजलं. शेवटी मीच डोकं चालवून निळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या आणल्या. (दुकानदार म्हणाला, जन्मभर टिकतील. कुंड्या टिकल्या, झाडं आठवड्यात गेली.) आईने एक कुंडी उपडी केली, मातीचा वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "मुळं कुजली. बादलीत झाड लावत्यात व्हय रं? भाजल्या मातीची कुंडी आण. ती पाणी पिती, वारा घेती." त्या दिवशी तिने भाकर पुरी खाल्ली, रागाच्या भरात का होईना, पण खाल्ली.

मी रजा टाकून तिला कुंभारवाड्यात नेलं. तिथे ती एकेका कुंडीवर टिचकी मारून कान लावायला लागली. विकणाऱ्या मुक्ताबाई वैतागल्या. "मावशी, कुंडी घ्यायचीय का गाणं ऐकायचंय?" पण थोड्या वेळाने बघतो तर दोघी एका बाकावर चहा पीत बसलेल्या, आणि मुक्ताबाई आतल्या खणखणीत कुंड्या आपण होऊन बाहेर काढतायत. एवढ्या कुंड्या घ्यायला एकही रिक्षावाला तयार होईना (मी विनवण्या करत होतो, आई ऐकत होती). ती सरळ बसमध्ये चढली आणि बसलेल्या प्रत्येक उतारूच्या मांडीवर एकेक कुंडी ठेवत गेली. "धरा वाईच. फुटंल." मामा, पुण्यात, भर दुपारी, एकही माणूस नाही म्हणाला नाही! सामानाचं तिकीट फाडायला आलेल्या कंडक्टरच्या हातीही एक कुंडी आली. एक गृहस्थ कुंडी धरून कोथरूडपर्यंत आले; त्यांना डेक्कनला उतरायचं होतं हे मागाहून समजलं.

मग काय विचारता! भोकावर खापराचा तुकडा, वर माती, आणि गॅलरीत वांगी, मिरच्या, टोमॅटो, मेथी. आमच्या खुर्च्या गेल्या. पण रोज सकाळी आई प्रत्येक कुंडीला बाहेरून तळवा लावून बघते, आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा, आणि कोरडी लागेल तिलाच पाणी घालते. मी दारातून बघत उभा राहतो आणि ऑफिसला उशीर होतो.

पण पाणीच नडलं. आमच्या खाली दुसऱ्या मजल्यावर आप्पासाहेब राहतात. ते सोसायटीचे अध्यक्ष. ते गॅलरीत पेपर वाचत असत आणि अग्रलेखावर आमचं पाणी ठिबकत असे. जिन्यात सूचना लागली: "तिसऱ्या मजल्यावरून पडणारा पाऊस संबंधितांनी त्वरित थांबवावा." पाठोपाठ कुंड्या हटवण्यासाठी सभा. मी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, "कुंड्या गेल्या की मी बी जाते," आणि वांगी तोडायला लागली. मामा, ती गेली असती हो. पण जायला आता तिचं कुठे काय उरलंय?

सभा पार्किंगमध्ये भरली. आप्पासाहेब बोलले, पुष्कळ बोलले. मग पहिल्या मजल्यावरचे सिराजभाई, जे कधी तोंड उघडत नाहीत, ते उठले आणि अदबीने म्हणाले, "अध्यक्षसाहेब, पाणी माझ्याही चहात पडतं. पण माझ्या डोक्यावरची गॅलरी आपली आहे." सगळी सभा आप्पासाहेबांच्या घरी गेली. स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत (जिथे आप्पासाहेब लग्नापासून कधी फिरकले नव्हते) आईने दिलेल्या कुंड्यांमधून मेथी-कोथिंबीर माजलेली! त्यांच्या पत्नी श्यामलाबाई शांतपणे म्हणाल्या, "दिवाळीपासून ताजी मेथी मिटक्या मारत खाताय. कुठून येते, कधी विचारलंत?"

लोक हसले. आई हसली नाही. म्हणाली, "साहेब, चूक माझी. कुंड्यांखाली थाळ्या ठेवाय पायजे व्हत्या." आणि त्यानंतरच्या रविवारी ती त्यांनाच बसने कुंभारवाड्यात घेऊन गेली. येताना मातीच्या थाळ्यांची चळत कुणाच्या मांडीवर होती, ते लिहायला नको. आता ते पेपर ठेवून कुंड्यांना तळवा लावत फिरतात. मी एवढा शिकलो, पण माणसं अशी जोडणं मला जमलं नाही. आई हल्ली दोन भाकरी खाते.

मामींच्या तब्येतीचं कळवा. घरातल्या लहानांना गोड पापा.

तुमचा,
जयसिंग

ता. क. इकडे पिशवीत मिळणाऱ्या शेणखताला आई 'चहाची भुकटी' म्हणते. गोठ्यातलं दोन पोती चांगलं कुजलेलं पाठवता आलं तर पाहा.

ता. क. २: खरं ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते आता लिहितो, आई फोनशेजारीच बसते, त्यामुळे बोलता येत नाही. ती येत्या रविवारी तुमच्याकडे येते आहे. खतासाठी नव्हे, म्हशीसाठी. म्हणते, पोतं संपतं, म्हैस संपत नाही. सोसायटीच्या नियमांत कुत्रा, मांजर, पोपट आहेत, म्हैस नाही, हे खुद्द आप्पासाहेबांनी शोधून दिलं आहे. पार्किंगमधली आपली स्कूटर काढून त्यांनी जागाही झाडून ठेवली आहे. मामा, तुम्ही तिचे थोरले भाऊ. तुम्हीच तिला नाही म्हणा.

ता. क. ३: प्रेमला म्हणते, नाही म्हणणं तुम्हालाही जमायचं नाही. तेव्हा पाठवाल ती दुभती पाठवा.